घटका कुठून मोजायची?

मार्केट यार्डातल्या अडत दुकानात जानेवारीत पाऊल टाकलं की आधी ठसका लागतो, मग डोळ्यांना धार लागते आणि अर्ध्या तासानं सवय होते. नंदुरबारात या दिवसांत मिरचीशिवाय दुसरा विषय नसतो. शहराबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली, बाया रांगेनं बसून देठ खुडत असलेल्या, आणि यार्डात पिकअप गाड्या एकीमागं एक. माझे मामा इथल्या एका अडतीवर बत्तीस वर्षं हिशेब लिहितात. दोन हंगामांपूर्वी मी त्यांना पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहून दिला. वजन टाकायचं, भाव टाकायचा, हमाली-तोलाई आपोआप वजा होते आणि शेतकऱ्याच्या हातात छापील पट्टी जाते.

यंदा मामांची तक्रार आली. सकाळची पहिली पट्टी फार उशिरा निघते, माणूस काउंटरला ताटकळतो. मी पुण्याहून फोनवर सांगून प्रोग्रामात चार ओळी घालायला लावल्या. पट्टीचं पान उघडलं की संगणकाची वेळ घ्यायची, बेरीज पडद्यावर आली की पुन्हा घ्यायची, वजाबाकी फाईलीत लिहायची. टायमर म्हणजे एवढंच, असं मला वाटत होतं. संक्रांतीला घरी आले तेव्हा मामांनी ती फाईल छापून ठेवलेली होती. पेन्सिलीनं एका ओळीभोवती गोल केला होता.

त्या दुपारी काउंटरमागं आणि रात्री घरी आमचं जे बोलणं झालं ते इथं मांडते आहे. आमचं सगळ्या बाबतींत एकमत झालं नाही, आणि ते झाल्यासारखं मी दाखवणारही नाही.

मामा : ही ओळ वाच. ४८,६६० सेकंद. मी भागाकार करून पाहिला, साडेतेरा तास होतात. त्या दिवशीची पहिली पट्टी मी साडेनऊला फाडली. साडेतेरा तास माणूस उभा होता का?

मी : नाही मामा, ही मोजणीची चूक आहे. आदल्या संध्याकाळी तुम्ही लॅपटॉप किती वाजता बंद केला होता?

मामा : आठच्या आसपास.

मी : मग बरोबर. या लॅपटॉपच्या आतला बटणासारखा सेल संपलाय. बंद असताना त्याला वेळ सांभाळता येत नाही. यावर लिनक्स आहे, ते सकाळी उठल्यावर शेवटची माहीत असलेली वेळ धरतं, म्हणजे काल रात्रीचे आठ. तुम्ही पट्टीचं पान उघडलंत, मग लक्षात आलं की मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा राहिलाय. तो लावला, इंटरनेट आलं, लॅपटॉपनं खरी वेळ विचारून घेतली आणि घड्याळ एका उडीत साडेनऊवर आलं. माझ्या चार ओळींनी ती उडीसुद्धा मोजली.

मामा : म्हणजे घड्याळ दुरुस्त झालं आणि हिशेब बिघडला.

मी : हो. आणि यात दोष घड्याळाचा नाही. मी चुकीच्या घड्याळाला विचारलं. 'आत्ता किती वाजले' सांगणारं घड्याळ वेगळं आणि 'किती वेळ लागला' सांगणारं वेगळं.

मामांना हे पटलं नाही. त्यांच्या मनगटावर एचएमटीचं किल्लीचं घड्याळ आहे. त्यातच ते वाजले किती तेही पाहतात आणि मिरची उकळायला ठेवली तर किती मिनिटं झाली तेही.

मामा : माझं एकच घड्याळ दोन्ही कामं करतं. तुमच्या संगणकाला दोन कशाला?

मी : तुमच्या घड्याळाला मधेच कुणी हिसका देत नाही म्हणून. तुम्ही वर्षातून चारदा रेडिओ ऐकून काटा सरकवता. त्याच क्षणी तुम्ही काही मोजत असता तर तुमचाही हिशेब चुकला असता. संगणकाचं घड्याळ दिवसभर नेटवरून सुधारत असतं, कधी पुढं, कधी मागं. कारण 'वाजले किती' हा माणसामाणसांतला करार आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतली घड्याळं देशाची वेळ राखतात आणि बाकी सगळ्यांनी ती मानायची.

मामा : करार हे खरं. वडील सांगायचे, मुंबईचा टाइम वेगळा असायचा.

मी : १९५५ पर्यंत होता. भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागं. आणि आपलं नंदुरबार तरी कुठं प्रमाणवेळेवर आहे? प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आपण सव्वाचौऱ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर यार्डाच्या भोंग्यापेक्षा आपला सूर्य साधारण ३३ मिनिटं मागं आहे. करार मोडता येतो, बदलता येतो. म्हणून त्याच्यावर वजाबाकी बेतायची नाही.

मामा : एखाद्या जुन्या लॅपटॉपचा सेल संपला म्हणून तू केवढं लांबवर गेलीस. चांगल्या मशिनीवर असं होतं का?

मी : होतं. ३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घातला गेला. आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, साडेपाच वाजायला आले होते. क्लाउडफ्लेअर नावाची मोठी कंपनी वेबसाइटचे पत्ते शोधून देण्याचं काम करते. त्यांच्या प्रोग्रामात माझ्यासारखीच वजाबाकी होती. जादा सेकंदामुळं घड्याळ मागं गेल्यासारखं झालं आणि लागलेला वेळ उणे आला. वेळ कधी उणे येईल हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांच्या काही सर्व्हरांवर प्रोग्राम कोसळला. ज्या गो भाषेत तो लिहिला होता, तिनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वजाबाकीसाठी न मागं जाणारं घड्याळ आत बसवलं.

मामा काही वेळ बोलले नाहीत. गिऱ्हाईक आलं, काट्याची चिठ्ठी आली, पट्टी फाडली गेली. त्यांनी मला प्रोग्राम सुधारायला सांगितलं नाही. "संध्याकाळी घरी दाखवतो," एवढंच म्हणाले.

घरी त्यांनी देवघराच्या खालच्या फळीवरून तांब्याची एक वाटी काढली. पणजोबांच्या वेळची. बुडाला सुईच्या अग्राएवढं भोक. मी ती लहानपणापासून पाहत आले आहे आणि ती फुटकी वाटी आहे असंच समजत होते.

मामा : हे घटिकापात्र. घंगाळात पाणी घ्यायचं, हे वर सोडायचं. भोकातून पाणी आत येतं, भरलं की बुडतं. बुडालं की एक घटका, म्हणजे तुझी २४ मिनिटं. लग्नात एक जण याच्यावर डोळा ठेवून बसायचा, बुडालं की काशाच्या थाळीवर टोला द्यायचा. त्या थाळीला तास म्हणायचे. आपण वेळेला तास म्हणतो ते तिच्यावरूनच.

मी : आणि घटका भरली म्हणतो ते याच्यावरून.

मामा : आता सांग. याला वाजले किती ते ठाऊक असतं?

मला त्या क्षणी जो आनंद झाला तो लिहून सांगणं अवघड आहे. न मागं जाणारं घड्याळ समजावून सांगायला मी पुण्यात नव्या मुलांसमोर फळ्यावर किती आकृत्या काढते! आणि ते आमच्या देवघरात होतं. घटिकापात्राला तारीख नसते, वार नसतो, दिल्लीशी देणंघेणं नसतं. पाण्यावर सोडल्यापासून किती वेळ गेला, एवढं एकच त्याला कळतं. पायथनमध्ये असं घड्याळ ३.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून आहे. त्याचं नाव परफ काउंटर. जावामध्ये नॅनोटाइम, सी प्लस प्लसमध्ये स्टेडी क्लॉक, डॉटनेटमध्ये तर नावच स्टॉपवॉच. सगळ्यांचा शून्य कुठला ते कुणी विचारायचं नाही. दोन वाचनांमधला फरक तेवढा खरा.

आम्ही घंगाळात पाणी भरलं आणि पात्र सोडलं. मामांनी एचएमटी हातात धरलं. पात्र आधी संथ डोलत होतं. मग आतल्या पाण्याची कड वर येत गेली. काठाला पाणी टेकल्यावर मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत ते तळाला गेलं. २२ मिनिटं ४० सेकंद.

मामा : बघ, खोटं निघालं. २४ हवी होती.

मी : पुन्हा सोडा.

दुसऱ्यांदा २२ मिनिटं ३५. तिसऱ्यांदा २२ मिनिटं ४२.

मी : भोक झिजून मोठं झालंय, वर्षानुवर्षं चिंचेनं घासून. पण दर वेळी तेवढंच चुकतंय. असं घड्याळ मला चालतं. एकदा किती चुकतं ते कळलं की त्याच्यावर विश्वास टाकता येतो. संगणकाच्या प्रमाणवेळेच्या घड्याळाचं उलटं आहे. ते बहुतेक वेळा अगदी बरोबर असतं आणि एखाद्या सकाळी साडेतेरा तासांनी चुकतं.

इथपर्यंत आमचं जमलं. पुढच्या भांडणाला मात्र दोन दिवस पुरले नाहीत. घड्याळ कुठलं हे ठरलं, पण ते सुरू कुठं करायचं आणि बंद कुठं?

मामा : तुझ्या फाईलीत बहुतेक पट्ट्यांना पस्तीस-चाळीस सेकंद लिहिलेत. हा वेळ कुणाचा? त्यातला निम्मा माझ्या बोटांचा. मी वजन टाइप करतो, चिठ्ठीवरचं नाव वाचतो, शेतकऱ्याला गाव विचारतो. आणि जो वेळ मला सलतो तो तर यात नाहीच.

मी : कुठला?

मामा : पट्टीचं बटण दाबल्यापासून कागद हातात येईपर्यंतचा. सकाळच्या पहिल्या पट्टीला ११ सेकंद लागतात. मी या घड्याळावर मोजलेत. नंतरच्यांना पाच.

त्यांचं खरं होतं. बेरीज पडद्यावर आली की माझा टायमर थांबत होता, आणि खरं काम तिथून पुढं सुरू होत होतं. खातं उघडणं, नोंद करणं, प्रिंटरला पाठवणं. जिथं कुणी थांबत नव्हतं तो भाग मी मोजला आणि जिथं माणूस उभा होता तो सोडला.

मी : बरं, बटणापासून मोजते. पण पहिली पट्टी सोडून देते.

मामा : का?

मी : मोजणीची पद्धतच तशी आहे. पहिल्या खेपेला डिस्क थंड असते, फायली मेमरीत नसतात, कितीतरी गोष्टी पहिल्यांदाच वर चढवाव्या लागतात. त्या आकड्यावरून प्रोग्रामचा खरा वेग कळत नाही. म्हणून सुरुवातीच्या काही खेपा फेकतात आणि पुढच्या मोजतात. जावासारख्या भाषांत तर प्रोग्राम चालता चालता जलद होत जातो, तिथं हे न करणं चूक मानतात.

मामा : पहिली पट्टी कुणाची असते माहीत आहे? जो धडगावचा घाट उतरून पहाटे अंधारात निघाला त्याची. त्याची गाडी सगळ्यात आधी लागते. तोच थंडीत उभा असतो. आणि तू म्हणतेस, मोजायला सुरुवात त्याच्यानंतरच्या माणसापासून करू!

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पहिल्या खेपा टाकून देण्याचं शास्त्र मी शिकले आहे, शिकवते, आणि एका बेरजेचा वेग दुसऱ्या बेरजेशी ताडून पाहायचा असेल तर ते योग्यच आहे. पण पहिली पट्टी हीच तक्रार असेल, तर ती टाकून केलेली मोजणी म्हणजे तक्रारच टाकून देणं आहे.

पुढचा वाद सरासरीवरून झाला. मी नुसत्या बेरजेचा भाग हजार वेळा चालवून मोजला. सगळ्यात कमी ३.१ मिलिसेकंद, सगळ्यात जास्त १९, सरासरी ४. मी ३.१ हा आकडा खाली रेघ ओढून लिहिला.

मामा : सगळ्यात कमी तोच कसा खरा? एखाद्यानं सगळ्यात हलकं पोतं दाखवून सगळ्यांचं तेवढंच धरा म्हटलं तर मी धरीन का?

मी : पोत्यांत खरंच कमीजास्त माल असतो. इथं बेरीज दर वेळी तीच आहे. तिला लागणारं कामही तेच. वरचा वेळ भोवतालच्या गर्दीचा आहे. मधेच नेट काहीतरी तपासतं, मेमरीतला कचरा झाडला जातो, दुसरा प्रोग्राम रांगेत घुसतो. गर्दी वेळ वाढवते, कमी कधीच करत नाही. म्हणून सगळ्यात कमी आकड्यात गर्दी सगळ्यात कमी. पायथनमध्ये मोजणीचं जे टाइमइट नावाचं साधन आहे, तेही किमान आकडाच बघा म्हणतं, आणि मोजताना मेमरीची झाडलोट बंद ठेवतं.

मामा : गर्दी मोजायची नाही तर मग मोजतेस काय? यार्डात गर्दीच असते.

मी : बेरीज लिहिणारी मी आहे. माझी बेरीज बरी की वाईट, हे मला किमान आकडा सांगतो.

मामा : आणि काउंटरला उभा राहणारा शेतकरी आहे. त्याला सगळ्यात जास्त तो आकडा सांगतो.

मला वाटतं आम्ही दोघंही खरे होतो, पण आमचे प्रश्न वेगळे होते. म्हणून टायमरचा क्लास लिहायला बसले तेव्हा पहिली गोष्ट ही ठरवली की तो सरासरी काढणार नाही. किमानही नाही, कमालही नाही. प्रत्येक वाचन जसंच्या तसं यादीत ठेवणार. ज्याला जे हवं ते त्यानं यादीतून काढावं.

क्लासचं नाव मी घटिका ठेवलं. पायथनच्या तिसऱ्या पिढीपासून नावं देवनागरीत देता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. घटिका हा वर्ग, त्याला सुरू आणि थांब ही दोन कामं, वाचने नावाची यादी. सगळं मिळून वीस-बावीस ओळी. मामा शेजारी बसून पाहत होते. त्यांना पायथन येत नाही, पण काटा येतो, आणि टायमर हा काटाच आहे.

मामा : सुरू केलेलं असताना कुणी पुन्हा सुरू म्हटलं तर?

मी : पुष्कळ जण गुपचूप पहिली वेळ पुसून नवी धरतात.

मामा : काट्यावर एक पोतं असताना हमालानं दुसरं टाकलं, तर मी वजन लिहीत नाही. ओरडतो.

मी : मग हाही ओरडेल. सुरू असताना सुरू म्हटलं की चूक दाखवून थांबेल. सुरू न करता थांब म्हटलं तरीही.

मामा : आणि मधेच काम मोडलं तर? कागद अडकला, खातं उघडलं नाही?

मी : पायथनमध्ये 'विथ' नावाची सोय आहे. त्या कप्प्यात काम टाकलं की काम नीट संपो किंवा मोडो, बाहेर पडताना घटिका थांबतेच. सी प्लस प्लसवाले हेच काम डिस्ट्रक्टरकडून करून घेतात. मोडलेल्या कामाचा वेळही लिहिला जातो, पुढं 'मोडले' अशी खूण.

मामा : धडा केलास का?

हा शब्द ऐकून मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. रिकाम्या भांड्याचं वजन आधी दुसऱ्या पारड्यात टाकून तराजू समतोल करतात त्याला धडा करणं म्हणतात. टायमरलाही स्वतःचं वजन असतं. घड्याळाला विचारायला, आकडा यादीत ठेवायला वेळ जातोच. मी आत काहीच काम न ठेवता घटिका लाख वेळा सुरू-थांब केली. त्या लॅपटॉपवर एका खेपेला साधारण पाऊण मायक्रोसेकंद गेला. आमच्या ३ मिलिसेकंदांच्या बेरजेपुढं तो नगण्य. पण कुणी एका बेरजेतलं एक पाऊल मोजायला जाईल, तर त्याच्या काट्यावर मालापेक्षा बारदानच जड भरेल.

आणि माझ्या पहिल्या खर्ड्यात एक चूक होती, ती मामांनी नाही, एका गोष्टीनं दाखवली. थांब म्हटल्याबरोबर घटिका पडद्यावर आकडा छापत होती, आणि मी एका मोठ्या घटिकेच्या आत लहान-लहान घटिका बसवल्या होत्या. त्यामुळं प्रत्येक लहान छपाईचा वेळ मोठीच्या पोटात जात होता. हे लक्षात आलं आणि लीलावतीची गोष्ट आठवली.

खानदेशात ती सगळ्यांनी ऐकलेली असते. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांनी लीलावती लिहिली ती ११५० च्या सुमारास. तिच्याभोवतीची गोष्ट मात्र १५८७ मध्ये फैजीनं केलेल्या फारसी भाषांतराबरोबर आली, म्हणजे इतिहास म्हणून ती धरायची नाही. गोष्टीत भास्कराचार्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या, लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडलं होतं. ते कसं भरतं हे पाहायला ती वाकली आणि अंगावरचा एक मोती निखळून पात्रात पडला. भोक बुजलं. पात्र बुडेना. मुहूर्त निघून गेला.

मोजणाऱ्यानं वाकून पाहणं हेच मोजणी बिघडवतं, हे मी याहून नेमकं कुठं वाचलेलं नाही. माझी छपाई म्हणजे तो मोती होता. मी ती काढून टाकली. घटिका आता फक्त मोजते. छापायचं, फाईलीत टाकायचं, आलेख काढायचा तर सगळं काम संपल्यावर, दुसऱ्या कुणीतरी.

शेवटची जोड मामांच्याच बोलण्यातून आली. वैधमापनवाले दर वर्षी येऊन प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासतात आणि शिक्का मारतात, तसा तुझ्या काट्याला शिक्का कोण मारणार, असं त्यांनी विचारलं. म्हणून घटिकेचं घड्याळ मी बाहेरून देता येईल असं केलं. तपासताना तिला खोटं घड्याळ द्यायचं, जे पहिल्यांदा १० म्हणतं आणि दुसऱ्यांदा १३. घटिकेनं ३ सांगितले की शिक्का.

बाहेरून घड्याळ देता येऊ लागलं तेव्हा मी दोन घड्याळं दिली. एक सरळ पुढं चालणारं, आणि दुसरं, प्रोसेसर आपल्या कामात जेवढा गुंतला असेल तेवढंच चालणारं. सकाळी पहिल्या पट्टीला बटण दाबलं. पहिल्या घड्याळानं ६.४ सेकंद सांगितले, दुसऱ्यानं १.२.

मी : म्हणजे काम सव्वा सेकंदाचंच आहे. बाकी सव्वापाच सेकंद प्रोग्राम नुसता डिस्कची वाट पाहत बसलाय.

मामा : वाट पाहिलेला वेळ वेळ नाही का? देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या टेंभलीत दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. तेव्हापासून या जिल्ह्यातला माणूस अंगठा लावून वाट पाहतो आहे. रेंज येते, जाते. मशीन तेव्हा काहीच करत नसतं. माणूस तरी उभाच असतो.

मी : दुसरं घड्याळ मी शेतकऱ्याला दाखवायला लावलं नाही मामा. वेळ कुठं जातोय ते शोधायला लावलं. ते नसतं तर मी बेरीज जलद करत बसले असते.

आणि मी खरंच बसणार होते. पुण्याहून निघताना बेरजेचा भाग नव्यानं लिहायचा बेत मनात पक्का होता. लहान घटिकांनी दाखवलं की पहिल्या पट्टीच्या ६.४ सेकंदांत बेरजेचे ४ मिलिसेकंदही नाहीत. ६.३ सेकंद दोन हंगामांची सगळी खाती डिस्कवरून मेमरीत चढवण्यात जात होते, आणि ते मी पहिलं बटण दाबेपर्यंत लांबणीवर टाकलं होतं. डोनाल्ड कनूथनं १९७१ मध्ये फोरट्रान प्रोग्राम तपासून लिहिलं होतं की प्रोग्रामच्या चार टक्क्यांहून कमी भागात निम्म्याहून जास्त वेळ जातो. तो भाग कुठला याचा अंदाज लिहिणाऱ्याला नसतो, हे मी त्या सकाळी स्वतःच्या प्रोग्रामवर पाहिलं.

मामा : पण तुझे ६.४ आणि माझे ११. उरलेले साडेचार कुठं गेले?

मी : तुमच्या कागदात. प्रोग्राम प्रिंटरच्या रांगेत पट्टी ठेवतो आणि मोकळा होतो. पुढं डोकं सरकतं, कागद येतो, तुम्ही फाडता. ते माझ्या घटिकेला दिसत नाही, कधीच दिसणार नाही.

मामा : मग ते माझ्या घड्याळाला मोजू दे.

मी खाती दुकान उघडतानाच चढतील असं केलं, मामा उदबत्ती लावतात तेव्हा. वेळ त्यानं कमी झाला नाही, फक्त शेतकरी यायच्या आधी सरकला. मामा म्हणतात हेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं, टायमरची एवढी यातायात कशाला. मी म्हणते की घटिकेशिवाय ते कळलंच नसतं. या मुद्द्यावर आम्ही अजून तिथंच आहोत.

निघायच्या दिवशी सकाळी पहिली गाडी धडगावचीच होती. मामांनी बटण दाबलं. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात दोन नोंदी आहेत. बटण ते प्रिंटरची रांग, घटिका, ०.१ सेकंद. बटण ते शेतकऱ्याच्या हातात कागद, एचएमटी, पावणेपाच सेकंद.